लख्ख फरशी

हाएन शहरात कुठे खावं, हे लिहायला माद्रिदचा पत्रकार येणार होता, म्हणून कासिल्दाच्या डॉक्टर जावयाने तिच्या बारची फरशी घासून लख्ख केली. पत्रकार दारात डोकावला आणि फरशी बघून शेजारच्या बारकडे वळला.

"चांगले अकलेचे दिवे पाजळलेत, जावईबापू," कासिल्दा म्हणाली. "इथे माणसं खातात आणि नॅपकिन, ऑलिव्हच्या बिया खालीच टाकतात. कचरा नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही, हे शेंबडं पोरही सांगेल."

तिने कचऱ्याचा डबा फरशीवर उपडा केला आणि दारातून हाक मारली, "ओ साहेब, आमची प्रशस्तिपत्रं जमिनीवर असतात. वाचून तरी जा."

तासाभराने साहेबांनी तोंड पुसलं आणि आपलं प्रशस्तिपत्र त्यातच टाकलं.