जाहिरातीत गेलेली चाल

माझ्या नवऱ्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. लोक याला भोळेपणा म्हणतात, मी रोग म्हणते. या रोगापायी गुंडप्पानं आमच्या सासऱ्यांची मयताची चाल क्रेडिट कार्डवाल्यांना देऊन टाकली.

आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, फुलांच्या मखरात मांडी घालून बसवतात आणि भजन म्हणत रुद्रभूमीकडे, म्हणजे आमच्या दफनभूमीकडे, नेतात. घरचे रडतात, पण वाजवायचं ते आनंदाचं, कारण माणूस शिवाकडे निघालेला असतो. मुरुम गावातलं हे भजनी मंडळ आमच्या घरातलं. सासऱ्यांनी पेटीवर स्वतःची एक चाल बसवली होती, बिनशब्दांची, उडत्या ठेक्याची. मोठा रस्ता सोडून रुद्रभूमीकडे वळलं की ती सुरू व्हायची आणि दमलेले खांदेकरीसुद्धा झपाझप पाय उचलायचे. सासरे गेले तेव्हा गुंडप्पानं तीच वाजवली. त्याच दिवशी सासूबाईंनी, म्हणजे इरम्मांनी, सगळ्यांना बजावून ठेवलं, "मला पण हीच पायजे. दुसरं काय वाजवलासा तर उठून बसंन." त्या बसलेल्याच असणार होत्या, पण हे त्यांना सांगायची कुणाची टाप नव्हती. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात आणि टरकून असतात.

मग मागच्या वर्षी सास्तूरकडच्या एका शेतात जाहिरातवाले आले. त्यांना गावाकडचं, आनंदाचं, माणसाला पुढं ढकलणारं संगीत पाहिजे होतं, म्हणून आमचं मंडळ बोलावलं. गुंडप्पानं शिवरात्रीची भजनं ऐकवली, पाळणा ऐकवला, लग्नातलं ऐकवलं. उलटी टोपी घातलेला दिग्दर्शक जांभया देत होता. जेवणाची वेळ टळून गेली आणि भुकेल्या गुंडप्पाची बोटं सवयीनं त्या चालीवर गेली. दिग्दर्शक ताडकन उभा राहिला. "हेच! हेच पाहिजे मला! कुठल्या सणाचं आहे हे?" मृदंगवाल्या सोमलिंगनं खरं सांगायला तोंड उघडलं, तर गुंडप्पानं त्याच्या पायावर पाय दिला. समोरचा माणूस इतका खूश झालेला, त्याचा विरस कसा करायचा?

जाहिरात टीव्हीवर आली. मुंबईचा कुणी गोरापान नट, इस्त्रीचं धोतर आणि एकाही मातीचा डाग नसलेला फेटा घालून बैलगाडीवर नाचतोय. मागं सहा पोरी. नट कमरेतून कार्ड काढतो आणि आमच्या चालीवर गातो, "कार्ड काढा, पुढं चला!" बैल मात्र आमच्याकडचे होते. सगळ्यांत बरा अभिनय त्यांचाच.

बसस्टँडजवळच्या हॉटेलात ती पहिल्यांदा लागली तेव्हा चार म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढून टीव्हीला हात जोडले. नंतर सगळे सरावले. पोरं शाळेत जाताना तेच गायची. लोहाऱ्याच्या जीपवाल्यांनी मोबाईलला तीच रिंगटोन लावली.

खरा घोटाळा आमच्या गल्लीतल्या गौरीशंकर काकांच्या मयतीत झाला. वळण आलं, गुंडप्पानं चाल धरली, आणि गर्दीतून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "कार्ड काढा." एक खांदेकरी फिस्सकन हसला, मग दुसरा, मग सगळेच. मखर असं हिंदकळलं की काकांची मान होकार दिल्यासारखी हलली. त्यांची बायको अजून आमच्याशी बोलत नाही, आणि मी तिला दोष देत नाही. त्या दिवसापासून मंडळानं ती चाल बंद केली.

अव्वांनी तीन दिवस जेवणाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "शिवकांते, त्या कार्डवाल्यांना फोन लाव."

मी जाहिरातीतला नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला. कुणी उचलेपर्यंत तिकडून तीच चाल वाजत राहिली. अव्वांनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून ऐकत बसल्या. शेवटी एक मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"माझ्या नवऱ्याची चाल परत दे," अव्वा म्हणाल्या.

"मॅडम, आपलं कार्ड हरवलंय का?"

"कार्ड न्हाय गं बाई, चाल! तुमच्या त्या नाच्यामुळं मला सुखानं जाता यीना."

"प्रवासासाठी आपलं एक खास कार्ड आहे, मॅडम. आपण कधी निघताय?"

अव्वांनी फोन माझ्या मांडीवर आपटला. मी तोंडात पदर कोंबला, पण खांदे हलायचे ते हललेच. त्यांनी ते पाहिलं. "तू पण हसतीस," एवढंच बोलल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईला आयुष्यात दुसरं काही मागताना मी ऐकलं नव्हतं. नवऱ्याच्या चालीत जायचं, आणि जाताना कुणी दात काढायचे नाहीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मंडळाला अंगणात बोलावलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधायला लावले आणि इरकली लुगडं नेसून खुर्चीत चढून बसल्या.

"उचला. रुद्रभूमीच्या वळणापतूर न्या. हसायचंच हाय न्हवं? माझ्या देखत हसून घ्या. हसू संपस्तोवर म्या उतरत नसते."

सोमलिंग घाबरला. "अव्वा, जित्या माणसाला असं न्हेत न्हाईत. अपशकुन असतुय."

"ऐंशी वर्साची हाय म्या. आता कसला अपशकुन व्हायचा ऱ्हायलाय?"

गुंडप्पाला नाही म्हणता येत नाहीच. त्यानं पेटी गळ्यात अडकवली.

पहिल्या फेरीला अख्खी गल्ली मागं लागली. पोरं गळा काढून कार्ड काढत होती, मोबाईलवर शूटिंग चाललं होतं, खांदेकऱ्यांनी हसून हसून खुर्ची दोनदा खाली टेकवली. अव्वा वरून ओरडत होत्या, "मोठ्यानं हसा की! लाजताय कशापायी?" वळणावर पोचल्यावर म्हणाल्या, "परत." दुसऱ्या फेरीला निम्मी गर्दी राहिली. ऊन चढलं होतं. ज्यांचं हसून झालं होतं ते गप्प चालत होते, काही चहाला निघून गेले. "परत," अव्वा म्हणाल्या.

तिसऱ्या फेरीला वळण आलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी खुर्चीतच मांडी घातली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. मान जराशी कलली. गुंडप्पानं चाल धरली. कुणी हसलं नाही, पोरंसुद्धा गप्प झाली. सोमलिंगनं डोक्यावरची टोपी काढली. उद्या-परवा हेच होणार आहे, असंच, याच वळणावर, आणि तेव्हा वर बसून आम्हाला दरडावणारं कुणी नसणार, हे तिथं सगळ्यांना एकदमच कळलं असावं. गुंडप्पा पेटीवर वाकून रडत होता, पण बोटं थांबू देत नव्हता. तीस वर्षं या बाईनं माझ्या भाकरीला नावं ठेवली, माझ्या माहेराचा उद्धार केला, आणि मी भर रस्त्यात, डोळ्यांना पदर न लावता, मोठमोठ्यानं रडायला लागले.

अव्वांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"आत्ताच समदं रडू नगंस, शिवकांते," त्या म्हणाल्या. "तवासाठी बी जरा ऱ्हाऊ दे."