आलेखबाबांची साखर

टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर निळी रेषा भराभर खाली उतरली आणि खचाखच भरलेल्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पाहा!" आलेखबाबा गरजले. "माझं पाणी प्यायल्या आणि या माईंच्या रक्तातली साखर नवावरून एकावर! आता फेका त्या सुया!"

या माई म्हणजे माझी थोरली बहीण. तिने इन्सुलिन आधीच बंद केलं होतं. तहानेने जीव कासावीस व्हायचा, पण ऐकेल तर शपथ! मी शाळेत विज्ञान शिकवतो, घरी मात्र माझं कोण ऐकतं? "तुला सगळ्यातच खोट दिसते," म्हणून ताई तोंड फिरवायची. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

शेजारी बसलेली तिची मुलगी हवामान खात्यात दिवसभर आलेखच काढते. ती पुटपुटली, "मामा, साखर एक? अहो, नऊ असती तरी आई बेशुद्ध पडली असती. ही तर टाळ्या वाजवतेय!"

ती उठून थेट पडद्याजवळ गेली. आकड्यांच्या वर, कोपऱ्यात बाबांचा छोटा फोटो चिकटवलेला होता.

"मॅडम, हात लावू नका! तेज जातं!" चेला ओरडला.

तिने नखाने फोटो उचकटला. खाली बारीक अक्षरांत होतं, +२९०.

"यात चमत्कार कसला?" भाची म्हणाली. "सगळ्या आकड्यांत दोनशे नव्वद आहेतच, म्हणून सॉफ्टवेअर ते एकदाच कोपऱ्यात लिहितं आणि बाजूला फक्त त्यावरचे उरलेले आकडे दाखवतं. थांबा, पूर्ण आकडे दाखवायला सांगते."

तिने टीव्हीला जोडलेल्या बाबांच्या लॅपटॉपवर सेटिंग बदललं. नऊचे झाले २९९, एकाचे २९१. रेषा होती तशीच राहिली.

"पण आठाने तरी उतरली ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

मी कपाळावर हात मारला. "अहो, एकाच बोटाचं रक्त लागोपाठ दोनदा तपासलं तरी एवढा फरक पडतो!"

बाबा 'तांत्रिक अडचण' म्हणत मागच्या दाराने सटकले. ताई पडद्याकडे बघतच राहिली.

"एवढी साखर," ती म्हणाली, "आणि मी टाळ्या वाजवत होते?"

आम्ही तिला तिथून थेट दवाखान्यात नेलं.

बाबाचा राग येतोच, पण त्याहून जास्त राग येतो तो त्या टाळ्यांचा. हॉलमध्ये सगळी शिकलीसवरली माणसं होती आणि एकानेही रक्त तपासायच्या यंत्रावरचा आकडा मागितला नाही. म्हणून हात जोडून सांगतो, रेषा उतरली की ती कुठून कुठे उतरली ते विचारा. झाकलेला कोपरा उघडायला लावा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्या माणसाचं औषध बंद होऊ देऊ नका, मग तो रुसला तरी चालेल.