अडकलेली कडी आणि चरबीच्या पेशी

मी एक जुना इन्क्युबेटर आहे, म्हणजे पेशींना उबेत ठेवणारं कपाट. माझ्या पोटात बारा महिने सदतीस अंश असतात. त्यामुळे मित्रांनो, हवापाण्याच्या गप्पांत मला कुणी घेत नाही.

नवा होतो तेव्हा सगळे माझं दार हळूच लावत. पुढे आपटू लागले. मग दारावर 'दार हळू लावा' असं स्टिकर लागलं, आणि लोक ते वाचून दार आपटू लागले. स्टिकर लावलं तेही दारावर आधीच चिकटवलेल्या, प्रयोगाची पद्धत लिहिलेल्या कागदावरच. उरलेल्या ओळी पाहून काम चालत असे.

त्या ओळींवर आमच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक ताईची पीएचडी उभी होती. साध्या पेशींच्या चरबीच्या पेशी करायच्या, हे तिचं काम. जग चरबी घटवायला धावतंय आणि ही ती वाढावी म्हणून हात जोडून उभी! पेशीत पीपीएआर-गॅमा नावाचं प्रथिन असतं. ते कामाला लागलं की चरबीची जनुकं चालू होतात. त्यासाठी ताई औषधांचं मिश्रण देई. तीनदा दिलं; तिन्ही वेळा पेशी सडपातळच.

"हा शेवटचा प्रयत्न," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "नाहीतर विषय बदल. चार वर्षं गेली तर गेली."

माझ्या पोटात पेशी वाढून त्यांची छोटी थाळी भरली. ताई लगेच मिश्रण घेऊन आली आणि माझी कडी अडकली. ताईने ओढली, सरांनी ओढली, शिपाईमामांनी शिव्या देऊन ओढली.

"मेल्या, आजच?" ताई रडकुंडीला आली. मला बरं वाटलं. एरवी सगळे डबडं म्हणतात.

मेकॅनिककाका तिसऱ्या दिवशी उगवले. कडीचा स्क्रू स्टिकरखाली होता, म्हणून त्यांनी ते सोललं.

"ताई, इथे काहीतरी लिहिलंय हो."

'थाळी भरल्यावर दोन दिवस थांबा. पेशींची वाढ थांबू द्या. मगच मिश्रण.'

ताई जमिनीवरच बसली. "काका, दोन दिवस झालेच की!"

मिश्रण दिलं. दहाव्या दिवशी फक्त चरबीलाच चढणारा लाल रंग टाकला, तर पेशीपेशीत चरबीचे लालभडक थेंब! सरांनी सुस्कारा सोडला. "राहू दे तुझा विषय."

ताईने घरी फोन लावला. "आई, जाड झाल्या! सगळ्या!"

"बरं झालं," आई म्हणाली. "आता तूही जेव."

मित्रांनो, जुन्या यंत्राचं दार हळू लावा. आणि सूचना चिकटवण्याआधी खाली काय आहे ते बघा. कालच माझ्या दारावर नवंकोरं स्टिकर लागलं.

तापमानाच्या आकड्यावर.