थोरलीचा मान

"बोला की लंकाबाई, रेशन मिळतं का नाही?" पुरवठा खात्याच्या सायली मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं.

नांदगावहून चौकशी आली होती आणि मारुतीच्या देवळात सतरंजीवर गाव गोळा झालं होतं. खांबाला टेकून निवृत्ती सुपारी कातरत होता. पुढारी अण्णांचा हा उजवा हात, गावचं रेशन दुकानही हाच चालवायचा. अण्णांच्या सभेला जो गेला नाही, त्याचा अंगठा रेशनच्या मशीनवर उठतच नसे. लंकाबाईचा दिवाळीपासून उठला नव्हता.

काल चुलीपुढं बसून तिनं काय काय घोकलं होतं! पण सकाळीच निवृत्ती दारात येऊन म्हणाला, "वहिनी, दिशा एकलीच जाती ना कालेजला? रस्ता लय वंगाळ हाय." झालं. आईचं काळीज ते, पाणी पाणी झालं.

"मिळतं," लंकाबाई म्हणाली.

"कुठं मिळतं? मला मिळतं, हिला नाय! निवृत्तीभाऊ अडवितो."

मैना! लंकाबाईची धाकटी जाऊ. एकाच अंगणात दोघींच्या दोन चुली. मैनेचा नवरा बहिरू अण्णांच्या गाडीवर ड्रायव्हर, म्हणून तिच्याकडं गहू-तांदूळ घरपोच.

लंकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. निवृत्तीवर नाही हो, मैनेवर! ती गोरी, तिचं कुंकू शाबूत, तिच्या तव्यावर रोज गव्हाची पोळी. जळून जळून लंकाबाई अर्धी झाली होती. आणि आता हेही? उपास काढले मी आणि वाघीण ही ठरणार? बाया तर अशा बघत होत्या, जणू मैनेच्या अंगात देवीच आलीय.

मॅडमनी पेन काढलं. "या मैनाताई, पहिला जबाब तुमचा."

पहिला? सणावाराचं वाण आधी थोरलीच्या ओटीत, ही घराची रीत. सासू मेली म्हणून रीत मेली काय?

"थांबा!" लंकाबाई उभी राहिली. "थोरली मी हाय. आधी माझं लिवा. दिवाळीपासून दाणा दिला नाय यानं. आन् आज दारात येऊन पोरीचं नाव घेतलं, तेबी लिवा."

निवृत्तीचा अडकित्ता थांबला. "वहिनी, मॅडम काय रोज येणार नाय."

"मी रोज हाय ना इथं," लंकाबाई म्हणाली. तिसरं कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिशाला नांदगावच्या कॉलेजात पोचवायला ती तिला घेऊन एसटीच्या थांब्यावर आली. मागोमाग मैनाही आली, न विचारता. अण्णांनी रातोरात बहिरूकडून गाडीची किल्ली काढून घेतली होती. मैनेचं घर एकदा तरी आपल्यासारखं ओकंबोकं व्हावं, असं लंकाबाईनं किती वेळा मनात मागितलं होतं! ते झालं, आणि तिला मैनेच्या तोंडाकडं बघवेना.

"तू कशाला आलीस?"

"तुम्ही दोघीच कशा जाल, जाऊबाई?"

एसटी आली. कंडक्टरनं विचारलं तशी मैना कमरेची पिशवी चाचपू लागली. लंकाबाईनं तिचा हात बाजूला सारला.

"तीन नांदगाव," ती म्हणाली.