बठ्ठं बिल

शिरपूरला द्रौपदाबाईंची पिठाची गिरणी होती. विजेचं बिल भरायला दर महिन्याला रांगेत उभं राहावं लागे, आणि तेवढा वेळ गिरणी बंद. १९९२ साली बँकेने नवी सोय काढली. एकदा अर्ज द्यायचा, मग आलेलं बिल बँकेत टाकलं की बँक ते खात्यातून भरणार.

द्रौपदाबाई पन्नाशीत माझ्याकडे अक्षरं शिकल्या होत्या. तो अर्ज त्यांनी स्वतः, आपल्या अहिराणीत लिहिला आणि मला दाखवला. "मनी गिरणीनं बठ्ठं बिल मना खातामातून भरी देवानं." मी तीसेक वर्षं वह्या तपासल्या आहेत, पण हा त्यांच्या हातचा पहिला अर्ज होता. मी एकही शब्द खोडला नाही.

दोन महिन्यांनी वायरमन हिलाल गिरणीच्या दारात शिडी घेऊन उभा राहिला.

"अक्का, दोन महिनानं बिल भरेल नही. फ्यूज काढना पडी."

"बँकमा मना अर्ज शे. मी सोता लिखेल शे."

"अर्जवर गिरणी चालस का, अक्का?"

दळणाला आलेल्या बायका हसल्या. द्रौपदाबाईंनी पट्टा थांबवला आणि हात न पुसताच मला बोलवायला आल्या. हिलालने चार वाजेपर्यंत थांबायचं कबूल केलं.

वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, मनं अक्षर चुकनं व्हई. आते तुम्हीच लिखी द्या."

मला ते फार लागलं.

बँकेतला क्लार्क रत्नागिरीकडचा, नुकताच बदलून आलेला. त्याने फायलीतून अर्ज काढला. सोबत दोन्ही बिलंही होती.

"मावशी, बट्टा वजा करून भरा असं तुम्ही लिहिलंय. पण किती बट्टा, ते नाही लिहिलं. साहेब रजेवर, म्हणून बाजूला ठेवला."

"कसाना बट्टा?"

"हे काय." त्याने शब्दावर बोट ठेवलं.

द्रौपदाबाईंनी वाकून पाहिलं. "भाऊ, हाई बठ्ठं शे! बठ्ठं म्हणजे बठ्ठं!"

"म्हणजे?"

"सगळं," मी म्हणालो. "आमच्याकडे सगळ्याला बठ्ठं म्हणतात. चूक त्यांची नाही. हा शब्द तुम्हाला कळणार नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

क्लार्क कानापर्यंत लाल झाला. त्याने लगेच चेक तयार केला, द्रौपदाबाईंची सही घेतली आणि सायकलवरून स्वतः वीज कार्यालयात गेला.

तो येईपर्यंत मी कोरा कागद मागून घेतला. द्रौपदाबाईंनी तो माझ्याकडे सरकवला. मी परत त्यांच्याकडे सरकवला.

"बठ्ठं तसंच राहू द्या. पुढे फक्त 'म्हणजे सगळं' लिहा."

त्यांनी लिहिलं. दोनदा थांबून, पण लिहिलं. पिठाचा अंगठा कागदावर उमटला तो उमटलाच.

पावणेचारला पावती पाहून हिलालने शिडी खांद्यावर घेतली. "चालस बा अर्जवर गिरणी," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात पावती वेळेवर आली. तिच्यासोबत क्लार्कची चिठ्ठी होती : "मावशी, बठं बिल भरलं."

द्रौपदाबाईंनी ती दोनदा वाचली. मग माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली, आणि त्याच्या एकट्या ठच्या आधी एक अर्धा ठ नीट बसवून दिला.