दव जाऊ द्या

"वहिनी, आता तुम्हीच," दीर म्हणाला आणि कुंपणापाशीच थांबला. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. काल सकाळी त्याने शेतातला गुरांसाठीचा लसूणघास कापला आणि संध्याकाळी गोठ्यावरच्या माळ्याच्या शिडीवरून पडला. घास शेतात आडवा पडलेला होता आणि रेडिओवर उद्या रात्री पाऊस सांगितला होता.

वहिनी शेळीची धार काढत बसली होती. ती उठली नाही.

"माझं काय काम?"

"आमच्याकडे चालवणारं दुसरं कुणी नाही. तुमचा ट्रॅक्टर आणा, माझा टेडर जोडा आणि एकदा उलटून द्या. मोकळा करून पसरला की उद्या संध्याकाळपर्यंत वाळेल. नाहीतर कुजेल सगळा."

"आणि एखादा काटा वाकला तर? बायकामाणसाचा हात."

दीर पायाकडे बघत राहिला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. पण गाढवालाही सगळं आठवत असतं, हे कुणी सांगत नाही.

एका घराची दोन झाली तेव्हा सासऱ्यांनी वाटणी मोठ्या हुशारीने केली होती. ट्रॅक्टर थोरल्याला, टेडर धाकट्याला. टेडर म्हणजे लोखंडी काट्यांची फिरती चक्रं. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा, मग तो कापलेलं गवत उचलून उडवतो, सुटं करतो, वारा-ऊन आतपर्यंत पोचवतो. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. "भांडलात तरी गवत वाळेपर्यंत बोलावंच लागेल," असं म्हणून म्हातारा स्वतःच्याच युक्तीवर पोट धरून हसला होता. आणि थोरला होता तोवर ते चाललंही. दोघे भाऊ एकाच दिवशी दोन्ही शेतं उलटून घ्यायचे.

मग थोरला, वहिनीचा नवरा, वारला. धाकट्याने स्वतःचा ट्रॅक्टर घेतला आणि म्हाताऱ्याची हुशारी मातीत गेली. गेल्या उन्हाळ्यात वहिनीचं गवत कापून पडलं होतं आणि आभाळ भरून आलं. ती टेडर मागायला गेली, तर दीर ओट्यावर चहा पीत बसलेला.

"नाजूक यंत्र आहे, वहिनी. बायकामाणसाच्या हातात कसं द्यायचं? काटा वाकला तर?"

"मग तुम्ही चालवा, भाऊजी."

"आज जमायचं नाही," तो म्हणाला आणि आत वळून बायकोला सांगितलं, "अजून एक कप टाक गं."

तो दुसरा कप वहिनी विसरली नाही. नकार तिने गिळला असता. पण ती दारात उभी, डोक्यावर काळं आभाळ, आणि हा फुंकर घालून दुसरा कप पितो. घरी येऊन तिने दाताळं घेतलं आणि पाऊस कोसळेपर्यंत एकटीने गवत उलटलं. ते काळं पडलं, त्याला वास सुटला. थंडीत दावणीला घालायला काही उरलं नाही आणि गाय विकावी लागली. घेतली कुणी? दिराने. "घरातलीच आहे, घरातच राहील," म्हणाला, जणू उपकारच करत होता. गाय प्रत्येकाच्या खिशात नाक खुपसायची, म्हणून तिचं नाव मावशी. कुंपणापलीकडून तिचं हंबरणं ऐकू आलं की वहिनी खिडकी लावून घ्यायची.

आणि आज हा दारात उभा होता. वहिनीने शेळीच्या पाठीवर थाप मारली.

"येते," ती म्हणाली. "पण उद्या. आणि सकाळची घाई नको. दव जाऊ द्या. ओल्यात उलटून काय उपयोग?"

"बरोबर, बरोबर," दीर म्हणाला. त्याने जन्मभर साधं गवत वाळवलं होतं, आणि गवताचं तसंच असतं. लसूणघास त्याने यंदा पहिल्यांदाच लावला होता. वहिनीच्या माहेरी मात्र तो वर्षानुवर्षं होता. तिचे वडील तिला अंधारातच उठवून शेतात न्यायचे. "याला दव असतानाच हात लावायचा. दव गेलं की पान गळतं आणि काडी उरते. आणि दूध पानात असतं, पोरी."

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापल्यावर वहिनीने ट्रॅक्टर काढला. धुळीसाठी अंगात नवऱ्याचा जुना कोट, डोक्याला रुमाल. टेडर जोडला आणि गरजेपेक्षा जोरात फिरवला. मागे हिरवा धुरळा उठला. पानं चुरून उडत होती, जमिनीवर पडत होती, आणि वर नुसत्या काड्या काय सुंदर सुट्या होत होत्या. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. कित्येक महिन्यांत झाला नव्हता इतका. दीर ओट्यावरून धड असलेला हात उंचावून ओरडत होता, "वा, वहिनी. काय हात आहे."

धाकटी जाऊ पाणी घेऊन बांधावर आली.

"ताई, तुमच्या अंगावर किती पानं."

"वारा आहे."

जावेने यंत्रामागच्या जमिनीकडे पाहिलं, ती हिरवी झाली होती. मग आभाळाकडे पाहिलं. रिकामा पेला घेतला आणि निघून गेली.

संध्याकाळी मजुरांनी खडखडीत वाळलेले गठ्ठे माळ्यावर चढवले. रात्री पाऊस आला तो मोकळ्या शेतावर. त्याआधी दिराने वहिनीला ओट्यावर बसवलं होतं. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"चहा टाकायला सांगा," ती म्हणाली. तो झाल्यावर तिने दुसरा कपही मागून घेतला, आणि फुंकर घालून सावकाश प्यायली.

थंडीत दिराच्या घरचं दूध कमी होत गेलं. आधी त्याने बियाणंवाल्याला शिव्या घातल्या: असला कसला हा लसूणघास, नुसता झाडू. मग गुरांच्या डॉक्टरला घातल्या. वहिनी कुंपणाअलीकडे कपडे वाळत घालताना ऐकायची आणि मनात म्हणायची, करावं तसं भरावं. तिला झोप छान लागत होती.

मग एका दुपारी दीरच कुंपणापाशी येऊन म्हणाला, "गाईचाच दोष. म्हातारी झाली ती. दलालाला सांगितलंय, परवा येऊन नेईल."

वहिनीच्या हातातला चिमटा खाली पडला. तिने त्याचा माळा धरला होता हिशोबात, त्याची दुधाची किटली, त्याचं उतरलेलं तोंड. माळ्यावरचं ते खाणार कोण, हे धरलंच नव्हतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

"मला द्या," ती म्हणाली.

"काय करणार तिचं? दूध नाही, काही नाही."

गाईचा दोष नाही, भाऊजी. शब्द ओठांपर्यंत आले होते. तोंड उघडलंही. पण बोललं गेलं नाही.

"न्या," दीर म्हणाला. "आणि बदल्यात काही देऊ नका. तुमचीच होती. मी घ्यायला नको होती तेव्हा." एवढं बोलून तो घाईघाईने आत गेला. गाय विकली तेव्हाच हे वाक्य मिळालं असतं तर, असं वहिनीला वाटलं, आणि त्याचा राग आला, आणि मग कुणाचा आला ते तिला कळेना.

जावेने गाय सोडून आणली. बरगड्या मोजता याव्यात अशी झाली होती. कासरा वहिनीच्या हातात देताना जाऊ हळूच म्हणाली,

"मला त्या दिवशीच कळलं होतं, ताई. पानं बघितली मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तो दुसरा कप मीच केला होता ना. वाटलं, होऊ दे यांचं थोडं नुकसान." तिने गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "आपल्या दोघींनाही गाय आठवली नाही."

वहिनीने कासरा हाताला गुंडाळला. ती गाईला घेऊन निघाली. थंडी होती, म्हणून अंगात तोच कोट होता. फाटकाशी मावशी थांबली आणि जुन्या सवयीने तिने कोटाच्या खिशात नाक खुपसलं.

"काही नाही गं त्यात," वहिनी म्हणाली. तरी गाय हलेना, तेव्हा तिला दाखवायला वहिनीने खिसा उलटा केला. शिवणीत साचलेला हिरवा भुगा तळहातावर पडला, त्या दुपारचा.

मावशीने तो चाटून घेतला, आणि संपल्यावरही हात चाटत राहिली. वहिनीने हात काढून घेतला नाही.