डालड्याच्या डब्यातलं तळं

मित्रांनो, लखनौच्या तेलीबागेतल्या एका घराच्या व्हरांड्यात बटाटे भरून ठेवलेली एक काचेची पेटी आहे ना, ती मी. नाक मुरडू नका. बटाट्यांच्या आधी माझ्यात पाणी होतं, पाण्यात हिरवी पानं होती आणि पानांमधून मासे फिरत होते. आता चौकटीला गंज चढलाय, काचा धुरकट झाल्यात, पण आठवण शाबूत आहे. म्हणून म्हटलं, सांगून टाकावं.

माझा जन्म मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतला. साल असेल चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर. रावसाहेब तिथल्या रेल्वेच्या संशोधन कचेरीत इंजिनियर होते. रुळांखाली खडी कशी अंथरायची, हे त्यांचं काम. त्यांनी मला बनवलं ते बायकोसाठी, सुभद्रासाठी. सुभद्रा भंडाऱ्याकडची. तिच्या गावी शेताला लागून एक बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. लहानपणी आईबरोबर ती त्या बोडीच्या काठच्या पाळीवर तासन्‌तास बसायची. लखनौला तिला क्वार्टर मिळालं, पंखा मिळाला, शेजारणीही बऱ्या मिळाल्या, पण जवळ बसायला पाणी काही मिळालं नाही. संध्याकाळी ती व्हरांड्यात खुर्ची टाकून समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. रावसाहेबांना ते बघवेना. पण बोलून दाखवणारा माणूस नव्हता तो. त्यांनी लोखंडी पट्ट्या जोडून घेतल्या, काचा कापून आणल्या, सांध्यांत पुट्टी भरली आणि एका रविवारी मला त्या भिंतीशी टेबलावर मांडलं.

"घे, तुझी बोडी," एवढंच म्हणाले.

काय सांगू मित्रांनो, मी हरखून गेले होते. पण रावसाहेब पडले रुळांचे माणूस. त्यांनी माझ्या तळाशी टोकदार खडी अंथरली, तीही दहादा धुऊन. मातीचा कण म्हणून ठेवला नाही. सुभद्रा म्हणाली, "अहो, बोडीच्या तळाशी कुठं खडी असते?" तर म्हणाले, "खाली माती आली की रूळ खचतो. वर गवत उगवतं." अहो साहेब, इथं गवतच तर उगवायला हवं होतं! पण माझं कोण ऐकतंय?

मासेही असेच आणले. नखासच्या बाजारात जाऊन जे जे सुंदर दिसलं ते पिशवीत भरून घेतलं. दोन लठ्ठ गोल्डफिश, एक रुबाबदार एंजल आणि चिमुकल्या गप्प्यांचा थवा. गोल्डफिशनी खडीत खोचलेली पाणरोपं उकरून वर तरंगत सोडली. उरलीसुरली मुळाला काही मिळेना म्हणून पिवळी पडून गळाली. एंजल दिसायला राजपुत्र, पण गप्प्या एकेक करून त्याच्या पोटात गेल्या. छोटी बेबी, म्हणजे यांची लेक, रोज सकाळी येऊन काचेला नाक लावायची आणि ओरडायची, "मम्मी, एक और कम हो गई!" घरात आईबाप मराठीत बोलत, पण पोरगी उत्तर द्यायची ते हिंदीतच.

थोड्या दिवसांनी सुभद्रानं खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसू लागली. मला फार लागलं ते. माझ्यात पाणी होतं, पण तिला हवं होतं ते पाणी मी नव्हते.

हिवाळ्यात तिचा भाऊ श्रीपत यायचा. तो नागपूरला रेल्वेतच होता, त्यामुळे पासाची सोय होती. एकदा निघताना त्यानं विचारलं, "ताई, पुढच्या वेळी काय आणू? तांदूळ आणू?"

"तांदूळ इथंही मिळतात," सुभद्रा म्हणाली. "मले आपल्या बोडीचा गाळ आण. आईच्या हातचा. तिलाच खणायला सांग."

श्रीपत हसला. "लोक गावाकडून लोणचं मागतात, तू चिखल मागते."

पण त्यानं आणला हो. उन्हाळ्यात बोडी आटली तेव्हा आईनं स्वतः कुदळ घेऊन गाळ खणला, वाळवला आणि ढेकळं डालड्याच्या डब्यात भरून दिली. सुभद्रानं डबा उघडून वास घेतला आणि तशीच उभी राहिली. मग रावसाहेब कचेरीत असताना तिनं ती ढेकळं चुरून थेट माझ्या पाण्यात सोडली. झालं, घटकाभरात माझा चहा झाला. बेबी धावत आली. "मम्मी, ये क्या कर दिया? मछली मर जाएगी." दोघींनी मासे बादलीत काढले. संध्याकाळी रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रविवारी सगळं उपसून टाकतो."

रविवार यायच्या आत तार आली. सुभद्राची आई गेली होती. मासे शेजाऱ्यांकडे ठेवून तिघंही मिळेल त्या गाडीनं निघाले, पण लखनौहून भंडारा काय जवळ आहे? पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. आईचं तोंडही दिसलं नाही तिला.

ती परतली तेव्हा माझं पाणी निवळलं होतं. गाळ खडीच्या फटींत जाऊन बसला होता. रावसाहेबांनी ठरल्याप्रमाणे रबराची नळी आणली, बादली मोरीशी ठेवली. नळी माझ्या तळाशी टेकली आणि माझ्या काचा थरथरल्या.

"ओतू नका," सुभद्रा दारातून म्हणाली. "आईनं खणलेला आहे. आता तिच्या हातचं दुसरं काही येणार नाही."

रावसाहेब तसेच थांबले. मित्रांनो, ज्या माणसानं उभी हयात मातीला रुळांखालून हाकललं, त्यानं त्या दिवशी काय केलं बघा. नळी बाजूला ठेवली, मोठी परात मागवली आणि एकेक खडा काढून परातीत धुतला. खडे फेकले, पण ते धुतलेलं पाणी फेकलं नाही. गाळ खाली बसू दिला आणि सगळा माझ्या तळाशी परत घातला. "नुसता गाळ उडत राहील, त्याला वरून दाब पाहिजे," असं स्वतःशी पुटपुटत ते बांधकामावरून थोडी मौरंग घेऊन आले. मौरंग म्हणजे इकडची जाडी लाल वाळू. ती नितळ पाणी येईस्तोवर धुतली आणि गाळावर हलक्या हातानं पसरली. खाली तिची माती, वर त्यांची वाळू. मग वाळूवर थाळी ठेवून त्यावर तांब्यानं पाणी सोडलं, खालचं काही हलू नये म्हणून. सुभद्रा तांब्या भरून देत होती.

मासे निवडायला मात्र या खेपेला ती स्वतः बेबीला घेऊन नखासला गेली. परत आल्यावर बेबीनं नक्कल करून दाखवली. आई म्हणे प्रत्येक माशापुढे उभी राहून विचारत होती, "ये खोदती तो नहीं? ये छोटेवाले को खाएगी तो नहीं?" शेवटी मासेवाले चाचा म्हणाले, "बीबी, आप मछली ले रही हैं या दामाद देख रही हैं?" तिनं आणल्या पुन्हा गप्प्या आणि दोन शांत, छोट्या गुरामी. गोल्डफिश आणि एंजल शेजाऱ्यांकडे वेगवेगळ्या भांड्यांत सुखानं नांदले. तेही वाईट नव्हते हो, फक्त इथल्यांशी त्यांचं जमणारं नव्हतं.

मग माझे दिवस आले. पाणरोपांनी मूळ धरलं. आणि एक दिवस वाळूतून एक तांबूस पान वर आलं, कुणीच न लावलेलं. सुभद्रा वाकून बघत राहिली. "ही तर आमच्या बोडीतली कुमुदिनी," ती म्हणाली आणि रडली. गाळात बी निजून राहिलं होतं. त्या संध्याकाळी तिनं खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे तोंड करून बसली. बेबीला जवळ घेऊन पाळीच्या, आईच्या गोष्टी सांगू लागली. बेबी ऐकायची आणि म्हणायची, "अच्छा? फिर?" असं कितीतरी वर्षं चाललं.

अठ्ठ्याऐंशीत रावसाहेब निवृत्त झाले. दोघांनी गावी जायचं ठरवलं. सुभद्रानं जुना डालड्याचा डबा शोधला, माझा गाळ कुमुदिनीसकट त्यात भरला. "आईचा आहे, आईच्या गावी जाऊ दे," म्हणाली. मला रिकामं करताना तिनं काचेवर हात ठेवला होता. मी काय बोलणार? ती घरी चालली होती, मला वाईट वाटून कसं चालेल? पण वाटलं.

बेबीचं लग्न होऊन ती तेलीबागेत राहत होती. "रख लूँगी, कुछ काम आएगी," म्हणून तिनं मला आणलं आणि बटाटे भरले. बटाट्यांना कोंब फुटले की मला उगाच बरं वाटायचं.

अशी बरीच वर्षं गेली, आणि परवा श्रीपतमामा आले. चहा झाला. सुभद्राच्या गुडघ्यांचं, तिच्या थकण्याचं बोलणं झालं. निघताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "बेबी, पुढच्या वेळी काय आणू? तांदूळ आणू?"

बेबी माझ्या चौकटीवर हात ठेवून उभी होती. कधी नव्हे ते मराठीत बोलली, अडखळत. "मामा, बोडीचा गाळ आणा. आईच्या हातचा. तिलाच खणायला सांगा."

मामा या वेळी हसले नाहीत. मान डोलावून गेले.

मित्रांनो, बेबीनं काल बटाटे टोपलीत काढले आणि माझ्या काचा पुसल्या. बोडी आटायला अजून दोन-तीन महिने आहेत, आणि सुभद्राला आता खाली वाकवत नाही म्हणे. मी वाट बघते आहे. तुम्हाला कधी माझ्यासारखी पेटी मिळाली, तर आधी तिच्या तळाचं बघा, मग एकमेकांना सांभाळून घेतील असेच मासे आणा. आणि कुणाच्या हातचं काही हवं असेल, तर ते हात आहेत तोवर मागून घ्या.